‘काल तर चालत होता!’ : ऑफिसचा बिघडलेला कॉम्प्युटर झटपट मागे कसा न्यायचा

महिन्याची २० तारीख, संध्याकाळचे सव्वासहा. एका सीए ऑफिसात चार माणसं एकाच टेबलाभोवती उभी. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचा आज शेवटचा दिवस, सहा पार्ट्यांची रिटर्न बाकी, आणि डिजिटल सहीचं टोकन ज्या मशीनवर चालतं तेच मशीन सुरू होताना ठिपके गोल गोल फिरवत बसलेलं. मी दारात चपला काढतोय तोवर आतून आवाज आला, “दादा, काल तर मस्त चालत होता हो!”

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मला त्यातच औषध दिसतं. काल चालत होता ना? मग त्याला कालवर नेऊ. कुठल्या फाइलीनं घात केला ते शोधायला रविवार आहे. त्या संध्याकाळी मी काहीही ‘दुरुस्त’ केलं नाही. मशीन दोन दिवस मागे नेलं, पाऊण तासात टोकन दिसायला लागलं आणि मंडळी कामाला लागली.

“तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तूच बघ,” असं म्हणून ज्यांच्या गळ्यात ऑफिसची मशीनं पडली आहेत, किंवा जे नुकतेच या धंद्यात आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाच-पंधरा मशीनं, विंडोज १० किंवा ११, वेगळा सर्व्हर नाही, एखादा शेअर केलेला प्रिंटर, टॅली आणि मराठी टायपिंग, असं ऑफिस डोळ्यांसमोर धरलंय.

फॉरमॅट मारायची घाई का नको

आपल्याकडे मशीन अडलं की पहिला सल्ला ठरलेला: “फॉरमॅट मार.” नुसतं विंडोज टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरा दिवस जातो त्यानंतर. टॅलीचं लायसन पुन्हा चालू करा, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर शोधा, टोकनचं सॉफ्टवेअर टाका, श्रीलिपीचे फॉन्ट बसवा (नाहीतर दहा वर्षांची पत्रं उघडल्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते), आउटलुकची मेल जोडा. आणि सगळं झाल्यावर मॅडम विचारतात, “माझ्या डेस्कटॉपवर एक ‘नवीन फोल्डर ३’ होतं, ते कुठाय?”

मागे नेण्याचे मार्ग तीन-चार आहेत. कुठे पाच मिनिटं लागतात, कुठे दोन-तीन तास. स्वस्त मार्गापासून सुरुवात करून एकेक पायरी चढायची. पण त्याआधी मशीन खरोखर विंडोजमुळेच अडलंय का, ते बघा.

आधी पाच मिनिटं: विंडोजचा दोष नसेलही

पहिली गोष्ट, रीस्टार्ट. ‘शट डाउन करून परत चालू केलं’ हा रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आलीय. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणजे कालची घाण आज तशीच. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू इथे ‘अप टाइम’ बघा. रोज संध्याकाळी बंद होणारं मशीन तिथे अकरा-बारा दिवस चालू असल्याचं सांगतं. मेनूतला ‘रीस्टार्ट’ निवडला की मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. माझे निम्मे फोन यातच मिटतात.

दुसरी गोष्ट, घड्याळ. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची दिसत असेल तर बँकेची आणि जीएसटीची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडणार नाही, आणि तुम्ही ब्राउझर, अँटिव्हायरस, राउटर सगळ्यांना दोष देत बसाल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलेला असतो, सीआर२०३२. घड्याळवाल्याकडेही मिळतो. एवढ्या सेलपायी अख्खं मशीन फॉरमॅट झालेलं मी पाहिलंय.

तिसरी, डिस्कचा आवाज. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत ‘टक्… टक्…’ ऐकू आलं की हात मागे घ्या. मरणाऱ्या डिस्कवर रिस्टोअर चालवणं म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणं. आधी डेटा बाहेर काढा, नवी डिस्क आणा, मग पुढचं. आवाज नसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत एका नजरेत दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच बॅकअप.

मशीन चालू होताना नुसतं बीप-बीप करत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा आपला खानदानी उपाय अजूनही लागू पडतो. प्लग काढून करा, एवढंच.

काय बदललं ते माणसांना नको, मशीनला विचारा

“काही इन्स्टॉल केलं होतं का?” या प्रश्नाला ऑफिसात एकच उत्तर मिळतं: “नाही हो, काहीच नाही केलं.” खोटं बोलतात असं नाही. अपडेट रात्री आपोआप आलेलं असतं, किंवा पीडीएफ जोडणारं कसलंसं सॉफ्टवेअर सोबत तिघांना घेऊन आत शिरलेलं असतं.

विंडोज चालू होत असेल तर स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. एक आलेख येतो: खाली तारखा, वर एक ते दहा गुणांची रेघ. जिथे रेघ धाडकन खाली येते त्या दिवशी लाल फुली असते. त्या तारखेवर आणि तिच्या आदल्या दिवसावर टिचकी मारा. कुठलं अपडेट आलं, कुठला ड्रायव्हर बसला, कुठलं सॉफ्टवेअर कोसळलं, सगळी यादी खाली. हे पान लोकांना माहीतच नसतं, आणि मला तर ते इव्हेंट व्ह्यूअरच्या जंगलापेक्षा शंभरपट उपयोगी वाटतं. इथून तुम्हाला मिळते ती तारीख. कुठवर मागे जायचं ते तीच ठरवते.

याचं एक ठसठशीत उदाहरण सप्टेंबर २०२१चं. त्या महिन्याचं विंडोज अपडेट आलं आणि ठिकठिकाणच्या ऑफिसांत शेअर केलेले प्रिंटर एका रात्रीत बंद पडले. पडद्यावर ‘११बी’नं संपणारा एरर. प्रिंटर ठीक, वायर ठीक, नेटवर्क ठीक. मायक्रोसॉफ्टनं प्रिंटिंगमधलं सुरक्षेचं एक भोक बुजवताना नियम कडक केले होते आणि जुन्या पद्धतीची जोडणी त्यात बसेना. लोकांनी ड्रायव्हर काढले, घातले, प्रिंटर दुरुस्तीला नेले. ज्यांनी तारीख बघितली त्यांनी ते एक अपडेट काढलं आणि दहा मिनिटांत बिलं छापली. सुरक्षेचं अपडेट काढून कायम तसंच बसणं बरोबर नाही, पण नीट उपाय हाती येईपर्यंतची सोय म्हणून ते चालतं.

चांगल्या दिवशी करायची तयारी

मागे जाता येण्यासाठी मागे काहीतरी ठेवलेलं असावं लागतं. पुढची कामं एखाद्या शनिवारी, सगळं सुरळीत असताना करा. मशीनमागे साधारण दोन तास.

*कामाच्या फायली सी ड्राइव्हवरून हलवा.* सगळ्यात महत्त्वाचं हेच. विंडोज आणि सॉफ्टवेअर सीवर, माणसाचं काम डीवर. मग सी ड्राइव्ह कितीही मागेपुढे केला तरी कोणाचं पत्र हरवत नाही. लोक डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप असतो सीवर. त्यांची सवय मोडायच्या फंदात पडू नका; डेस्कटॉपच हलवा. फाइल एक्स्प्लोररमध्ये डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’, आणि डीवर आधी तयार केलेलं फोल्डर दाखवा. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सचंही तसंच. वनड्राइव्ह डेस्कटॉप सांभाळत असेल तर आधी त्याचा बॅकअप पर्याय बंद करा, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

टॅलीचा डेटा कुठे आहे तेही बघून ठेवा. टॅलीप्राइम बहुधा सी ड्राइव्हवरच्या यूझर्स, पब्लिक अशा वाटेनं आत डेटा ठेवतं. तो डीवर हलवा आणि टॅलीत नवा रस्ता दाखवा. शिवाय रोज संध्याकाळी ऑल्ट-वाय दाबून टॅलीचा स्वतःचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, हे मालकांना समजावून सांगावं लागतं. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन खण असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले.

*रिस्टोअर पॉइंट चालू करा.* रिस्टोअर पॉइंट म्हणजे त्या क्षणीचं विंडोज आणि त्याच्या सेटिंग्ज जपून ठेवलेली खूण; बिघडलं की तिथवर मागे जाता येतं. ही सोय विंडोजमध्ये २००० सालच्या ‘मी’ आवृत्तीपासून आहे, पण बऱ्याच नव्या मशीनवर बंद असते, आणि हे कळतं ते नेमकं गरजेच्या दिवशी.

१. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा.
२. ‘सिस्टम प्रोटेक्शन’ टॅबमध्ये सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा.
३. ‘टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन’ निवडा. खालची पट्टी ५ ते १० टक्क्यांवर सरकवा. फार कमी जागा दिली तर जुने पॉइंट लगेच पुसले जातात.
४. ओके करून ‘क्रिएट’ दाबा आणि नाव द्या.

नाव देताना ‘टेस्ट’, ‘एबीसी’ असलं काही लिहू नका. ‘टॅली प्रिंटर टोकन ओके’ असं लिहा. सहा आठवड्यांनी घाम फुटलेला असताना ते नाव वाचायचंय. विंडोज स्वतःही बऱ्याचदा अपडेट किंवा ड्रायव्हर बसवण्याआधी पॉइंट घेतं, पण त्याच्यावर विसंबू नका. नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी स्वतः एक घ्या. आणि हे पॉइंट कायमचे नसतात. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५च्या अपडेटपासून ते फार तर ६० दिवस ठेवले जातात.

*बिटलॉकरची किल्ली कागदावर घ्या.* हे काम सगळे पुढे ढकलतात, आणि नेमकं इथेच लोक अडकतात. हल्लीचे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केले की बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपानं डिस्क गुपचूप बंद होते. रोज काही जाणवत नाही. पण दुरुस्तीच्या पडद्यावरून डिस्कला हात लावायला गेलात, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) काही बदललंत, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर ना तुम्ही, ना मी, ना कंपनी, कोणीही काही करू शकत नाही.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते याच दिवशी. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण कित्येक ठिकाणी त्या फाइलीपर्यंत पोचायलाच किल्ली हवी होती, आणि किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर तोही त्याच निळ्या पडद्यावर.

म्हणून स्टार्टमध्ये ‘मॅनेज बिटलॉकर’ उघडा, ‘बॅकअप युअर रिकव्हरी की’ निवडा आणि छापून घ्या. विंडोजच्या होम आवृत्तीत हा पर्याय नसेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं मशीन सुरू केलं त्या खात्यात लॉगिन केल्यावर किल्ली सापडते. खातं कोणाचं आहे ते मात्र आजच विचारा. एका ऑफिसात ते नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं निघालं. दोन तास त्याचा नंबर शोधण्यात गेले, मग त्यानं फोन उचलला, तोही बाइकवर असताना.

*मशीनची प्रतिमा घ्या.* रिस्टोअर पॉइंट सीवरच असतो. सी ड्राइव्हच खराब झाला तर तोही गेला. म्हणून सगळं बसवून, चालवून, प्रिंट काढून झाल्यावर अख्ख्या विंडोजचा फोटो काढावा तशी इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या. नवशिक्यांना मी रेस्क्यूझिला सुचवतो: फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, बटणं दाबत पुढे जाता येतं. क्लोनझिलाही त्याच कुळातलं, पण त्याचे काळे-निळे पडदे बघून नवा माणूस बिचकतो.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, आसूसच्या डेस्कटॉपला एफ८. ‘बॅकअप’ निवडा, मशीनची डिस्क दाखवा, आणि विंडोजशी संबंधित सगळे भाग टिक करा: सी आणि त्याच्या आजूबाजूचे छोटे, नाव नसलेले भागसुद्धा. डीची टिक काढा. मग बाहेरची डिस्क दाखवा आणि नाव द्या. साठ-सत्तर जीबी भरलेल्या सीला एसएसडीवर अर्धा-पाऊण तास पुरतो. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर भरलेला भाग कुठला, रिकामा कुठला हे त्याला ओळखता येत नाही आणि तो अख्खा भाग कॉपी करत बसतो. म्हणून इमेजपुरतं कुलूप पूर्ण काढून घेतलेलं बरं. इमेज झाली की बाहेरची डिस्क काढून कपाटात. मशीनला लावून ठेवलेला बॅकअप मशीनबरोबरच मरतो.

शेवटचं, एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं विंडोज भरून ठेवा. विंडोज टाकण्यासाठी नाही, तर दुरुस्तीच्या पडद्यावर पोचण्यासाठी.

बिघाडाच्या दिवशी

आधी यूपीएस बघा. रिस्टोअर चालू असताना वीज गेली तर होती त्याहून वाईट अवस्था होते. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंच टिकत असेल आणि बाहेर वीज ये-जा करत असेल, तर अर्धा तास थांबा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच ठेवा.

विंडोज चालू होतंय, पण एकच गोष्ट बिघडलीय? आवाज गेलाय, वायफाय दिसत नाही, पडदा थरथरतोय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण उजळलेलं असेल तर दाबा. दोन मिनिटांचं काम.

अपडेटनंतर बिघडलंय हे तारखेवरून कळलं असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तेच अपडेट रात्री परत येऊन बसू नये म्हणून लगेच ‘पॉज’ करा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट असेल तर रिकव्हरीमधलं ‘गो बॅक’ वापरा, पण त्याची मुदत फक्त दहा दिवस. अकराव्या दिवशी ते बटण मुकं होतं.

एवढ्यानं भागलं नाही की रिस्टोअर पॉइंट. पुन्हा ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ उघडून ‘सिस्टम रिस्टोअर’ दाबा. यादीतून बिघाडाच्या तारखेच्या आधीचा, पण शक्य तितका अलीकडचा पॉइंट निवडा. लगेच पुढे जाऊ नका. ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स’ दाबा. त्या तारखेनंतर टाकलेली कुठली सॉफ्टवेअर जाणार आणि कुठली परत येणार, त्याची यादी मिळते. ती मोबाइलवर टिपून घ्या. मग फिनिश. पंधरा मिनिटं ते पाऊण तास लागतो. ‘रिस्टोअरिंग रजिस्ट्री’वर ते बराच वेळ अडकल्यासारखं दिसतं. हात लावू नका, चहा घ्या. वर्ड-एक्सेलच्या फायलींना यात धक्का लागत नाही, हे बाजूला उभ्या असलेल्यांना मोठ्यानं सांगा. त्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो.

रिस्टोअर मध्येच ‘अयशस्वी’ म्हणालं तर बहुधा अँटिव्हायरस आडवा आलेला असतो. तो तात्पुरता बंद करून बघा, किंवा पुढे सांगतो त्या दुरुस्तीच्या पडद्यावरून चालवा.

विंडोज उघडतच नसेल तर

दुरुस्तीच्या पडद्यावर जायच्या वाटा तीन. लॉगिनचा पडदा दिसत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून कोपऱ्यातल्या पॉवर बटणातून रीस्टार्ट. तेवढंही दिसत नसेल तर मशीन चालू करा, विंडोजचा लोगो आला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की मशीन स्वतःच शहाणं होतं आणि ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ म्हणतं. तेही नाही जमलं तर आपला पेनड्राइव्ह लावून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडा. ‘इन्स्टॉल’ नव्हे. शेजारी-शेजारी असतात, नीट वाचा.

आत गेलात की ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. माझा क्रम असा: आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधलं ‘लेटेस्ट क्वालिटी अपडेट’. मग ‘सिस्टम रिस्टोअर’. एक लक्षात असू द्या: चालू विंडोजमधून केलेलं रिस्टोअर ‘अनडू’ करता येतं, या पडद्यावरून केलेलं नाही. म्हणून इथे पॉइंट निवडताना दोनदा विचार करा.

सुरुवातीच्या त्या सीए ऑफिसात मी हेच केलं होतं. स्टार्टअप रिपेअरनं हात वर केले, अपडेट काढायचा प्रयत्न फसला. रिस्टोअरच्या यादीत दोनच नोंदी होत्या, त्यातली एक १८ तारखेची. ती निवडली. पडदा काळा झाला, परत उजळला, मशीन दोनदा आपोआप बंद-चालू झालं आणि लॉगिन आलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, सगळे आपापल्या खुर्च्यांकडे पळाले.

इमेजवरून परत येताना: माझी एक चूक

पॉइंट नाही, किंवा असून चालत नाही, तर कपाटातली डिस्क काढा. रेस्क्यूझिलाच्या पेनड्राइव्हवरून ‘रिस्टोअर’ निवडा, इमेज दाखवा, मग कुठल्या डिस्कवर टाकायची ती दाखवा. इथे क्षणभर थांबा. बाहेरची डिस्क आणि आतली डिस्क दोन्ही यादीत दिसतात. उलटं निवडलंत तर बॅकअपच पुसला जाईल. आकारावरून आणि कंपनीच्या नावावरून खात्री करा.

सुरुवातीच्या काळात मी एका दुकानाच्या मशीनची इमेज घेताना सगळेच भाग टिक केले होते, डीसुद्धा. चार महिन्यांनी विंडोज बिघडलं, मी फुशारकीनं म्हटलं, “वीस मिनिटं द्या.” विसाव्या मिनिटाला विंडोज झकास उघडलं. एकविसाव्या मिनिटाला दुकानदारानं बिलिंग उघडलं आणि शेवटचं बिल चार महिन्यांपूर्वीचं. डी ड्राइव्हही मागे गेला होता. त्यांच्या पुतण्यानं आदल्या रविवारी घरच्या लॅपटॉपवर डेटा कॉपी करून नेला होता म्हणून मी वाचलो. आठवड्याची बिलं मात्र मी बसून हातानं चढवली.

तेव्हापासून इमेजमध्ये फक्त विंडोजचे भाग, आणि परत टाकताना आधी फक्त सी. ‘ओव्हरराइट पार्टिशन टेबल’ची, म्हणजे डिस्कचे भाग नव्यानं आखायची, टिक काढलेली. डिस्क नवी कोरी असेल तरच ती टिक ठेवायची. आणि काहीही दाबण्याआधी डीची एक कॉपी बाहेर, कितीही घाई असली तरी.

एका मशीनची इमेज दुसऱ्या मशीनवर टाकायचा मोह होतो. दोन्ही एकाच मॉडेलची असली तरी नाव, लायसन आणि ओळख सगळ्याचा घोळ होतो. मशीनगणिक इमेज वेगळी ठेवा. त्याच मदरबोर्डवर परत टाकलीत तर विंडोजचं लायसन आपोआप लागू होतं. ऑफिसात डोमेन (सगळ्या मशीनची लॉगिन एका सर्व्हरवरून चालवायची सोय) असेल तर जुनी इमेज टाकल्यावर सर्व्हर ‘मी या मशीनला ओळखत नाही’ म्हणू शकतो. मशीनचा स्वतःचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलत असतो, आणि तुम्ही जुना घेऊन दारात उभे असता. मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडलं की मिटतं.

काहीच नसेल तर

तयारी शून्य असेल तर ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘कीप माय फाइल्स’. फायली राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर सगळी जातात आणि त्यांची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. विंडोजच्या फायलीच खराब झाल्या असतील तर ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा; साधारण ४ जीबी उतरतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नको. टॅली उघडत असेल तर रीसेटआधी लायसन सरेंडर करा. हे करताना दुपार जाणार हे धरून चला आणि त्या माणसाला दुसऱ्या मशीनवर बसवा.

रोज नवं होणारं मशीन

काही मशीनं अशी असतात की त्यांच्यावर कोणीही बसतं: रिसेप्शनचं, झेरॉक्स-स्कॅनिंगचं, एमएस-सीआयटीच्या वर्गातलं. तिथे बिघडल्यावर मागे नेण्यापेक्षा रोजच मागे गेलेलं बरं. डीप फ्रीझ किंवा रीबूट रिस्टोअर आरएक्स अशी सॉफ्टवेअर हेच करतात. दिवसभर काहीही घाला, रीस्टार्ट केलं की मशीन जसंच्या तसं. जुन्या सायबर कॅफेंत यासाठी मदरबोर्डवर एक कार्डच बसवलेलं असायचं. मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट नावाचं फुकट सॉफ्टवेअरही होतं, ते २०१०च्या शेवटी बंद केलं. अकाउंटंटच्या मशीनवर हे लावू नका. दिवसभराचं काम सीवर ठेवणारा एखादा असतोच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुम्हाला शोधत येतो.

मागे जायचं नाही ते कधी

फायलींची नावं विचित्र झालीत, उघडत नाहीत, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे? तर रिस्टोअर विसरा. आधी नेटवर्कची वायर उपसा, वायफाय बंद करा, बाकी मशीनंही नेटवर्कवरून काढा. असले खंडणीखोर व्हायरस आत आल्यावर बहुतेक वेळा रिस्टोअर पॉइंटच आधी पुसतात. बॅकअपची डिस्क अशा मशीनला चुकूनही लावू नका. कंपन्यांना अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, २०२२पासून तसा आदेश आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. स्वच्छ डिस्कवर नव्यानं सगळं टाकणं हे त्यानंतरचं काम.

परत देण्याआधी

विंडोज उघडलं म्हणजे मशीन परत आलं असं नाही. ज्याचं मशीन आहे त्यालाच खुर्चीत बसवा आणि त्याच्याच हातून चार गोष्टी करून घ्या: टॅली उघडून कालची शेवटची नोंद बघणे, एक पान छापणे, टोकन लावून पोर्टलवर लॉगिन, मराठीत एक ओळ टाइप करणे. अँटिव्हायरस बंद केला असेल तर चालू करा. पॉज केलेलं अपडेट कधी परत येणार ती तारीख लिहून ठेवा. आणि नवा रिस्टोअर पॉइंट घ्या.

मी प्रत्येक ऑफिसात दोनशे पानी वही ठेवतो, बिटलॉकरच्या किल्ल्यांच्या पाकिटासोबत, मालकाच्या कपाटात. त्या सीए ऑफिसातली नोंद एवढीच आहे: ‘२० ता., मशीन ३, चालू होईना. १९ला रात्री अपडेट. १८च्या पॉइंटवर नेलं, ४५ मि. टोकन ओके, प्रिंट ओके. अपडेट पॉज. इमेज नव्हती, शनिवारी घेणे.’ शेवटच्या चार शब्दांवर नंतर शाईनं काट मारलेली आहे.